भर उन्हात उजळ चेहरा, धूसर पार्श्वभूमी

साडेबाराचा मुहूर्त, अंगणात मांडव आणि डोक्यावर तळपते ऊन. अशा वेळी मांडवाबाहेर काढलेल्या नवरीच्या फोटोंबद्दल हमखास तक्रार असते. डोळ्यांखाली काळ्या सावल्या आणि मागे खुर्च्या, गाड्या, विजेचे खांब सगळे अगदी स्पष्ट! लग्न काही पुन्हा लागत नाही, म्हणून यावरचा उपाय आधीच माहीत असलेला बरा. तो म्हणजे फ्लॅशचे 'हाय-स्पीड सिंक'.

अडचण कुठे येते?

पार्श्वभूमी धूसर हवी तर लेन्सचे छिद्र मोठे, एफ/२.८ च्या आसपास ठेवावे लागते. आयएसओ १०० असताना भर उन्हात त्यासाठी शटरचा वेग साधारण १/४००० सेकंद लागतो. पण पडद्याचे शटर असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच साथ देतो. त्याहून जास्त वेगाला शटर पूर्ण उघडतच नाही. दोन पडद्यांमधली अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते. फ्लॅश मात्र क्षणभरच चमकतो. साहजिकच त्याचा प्रकाश फोटोच्या एका पट्ट्यालाच मिळतो.

हाय-स्पीड सिंकमध्ये फट सरकत असेपर्यंत फ्लॅश अतिशय वेगाने लुकलुकत राहतो आणि सगळ्या चित्राला सारखा प्रकाश मिळतो.

असे करा

● कॅमेरा आणि फ्लॅश दोन्हींत ही सोय आहे का, ते पाहा. निकॉनमध्ये तिला 'ऑटो एफपी' म्हणतात.

● ऊन नवरीच्या पाठीकडून येऊ द्या. तिला मागच्या झाडांपासून दूर उभी करा.

● आधी फ्लॅश बंद ठेवून पार्श्वभूमीचा उजेड जुळवा, मग फ्लॅशने चेहरा उजळा.

हेही लक्षात ठेवा

या पद्धतीत फ्लॅशची ताकद बरीच घटते. म्हणून तो चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवरच असावा. बॅटरी लवकर संपते, तेव्हा जास्तीचे सेल जवळ हवेत. साऱ्या वऱ्हाडाच्या फोटोसाठी छिद्र लहान ठेवून साधा फ्लॅशच वापरावा. सर्वांचे चेहरे स्पष्ट येतात.

ही सोय नसेल तर लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून साधा फ्लॅश वापरता येतो. तोही नसेल तर नवरीला झाडाच्या सावलीत उभी करून समोर पांढरी चादर धरावी. चादरीवरून परतणाऱ्या उजेडाने चेहरा खुलतो.

आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी घरातल्या कुणाचे तरी चार फोटो काढून पाहिले, की ऐन मुहूर्ताला गडबड होत नाही.