विश्लेषण : गुगलवर जाहिरात द्यायची की फुकट वर यायचे?

गुगलवर ‘हापूस ऑनलाइन’ असे शोधले, की ‘प्रायोजित’ असे लिहिलेले दुवे आणि विनामूल्य निकाल असे दोन्ही दिसतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक क्लिकमागे पैसे जातात. दुसऱ्यात क्लिक फुकट, पण संकेतस्थळावर महिनोनमहिने मेहनत, म्हणजेच ‘एसईओ’. बजेट मर्यादित असेल तर पैसा कुठे घालावा?

‘ईबे’ने काय केले?

मार्च २०१२ मध्ये ईबेने अमेरिकेत याहू आणि एमएसएनवर स्वतःच्याच नावावरच्या जाहिराती बंद केल्या. जाहिरातींतून येणारे ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकट दुव्यावरून आले! ‘ईबे’ असे टाइप करणारा ईबेवरच निघालेला असतो. मांडवाच्या दारात पत्रिका वाटून ‘पत्रिकेमुळे इतके पाहुणे आले’ म्हणावे, तसाच हा हिशेब होता. नंतर गुगलवरील इतर शब्दांच्या जाहिरातीही काही भागांत थांबवण्यात आल्या. नेहमीच्या ग्राहकांवर परिणाम जवळपास शून्य. नव्या आणि क्वचित येणाऱ्यांवर मात्र झाला. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त प्रसिद्ध झाला.

मग जाहिरात बंदच करावी?

इथेच घाई नडते. मोटारींची माहिती देणाऱ्या ‘एडमंड्स’ने असाच प्रयोग केला, तेव्हा जाहिरातींतून येणारी निम्म्याहून अधिक वर्दळ गेली ती गेलीच. ईबेइतके नाव नसलेल्यांची जागा प्रतिस्पर्धी घेतात. भारतातही हे शक्य आहे. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह ‘कीवर्ड’ म्हणून वापरणे हे एवढ्यावरूनच उल्लंघन ठरत नाही, ग्राहकाची दिशाभूल होते का हे पाहावे लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये गुगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स प्रकरणात म्हटले.

छोट्या विक्रेत्याने काय करावे?

एसईओचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकते, असे गुगलच सांगते. आंब्याचा हंगाम मार्च ते मेचा. त्यामुळे फेब्रुवारीत एसईओवर केलेला खर्च यंदा कामाचा नाही; ते काम पावसाळ्यात सुरू व्हायला हवे. हंगामात जाहिरात घ्यावी ती अनोळखी ग्राहकासाठी, म्हणजे ‘देवगड हापूस घरपोच’ अशा शब्दांवर. स्वतःच्या दुकानाच्या नावावरील जाहिरात मात्र तपासून पाहावी. नागपुरात दोन आठवडे ती बंद ठेवावी, पुण्यात चालू. एजन्सीच्या अहवालातले क्लिक बाजूला ठेवून दोन्ही शहरांतील एकूण ऑर्डर आधीच्या आठवड्यांशी ताडून पाहाव्यात. पुण्याच्या तुलनेत नागपूरच्या ऑर्डर घसरल्या, तर जाहिरात पुन्हा सुरू करावी. दिवसाला दोन-चारच ऑर्डर असतील, तर मात्र दोन आठवड्यांत काहीच कळणार नाही.