निजून उठल्यावर न दिसणारी हार्ड डिस्क

श्रोतेहो, मंचरच्या बाजारांतील माझ्या एका स्नेह्यांना संगणकानें नुकतेंच घाबरें केलें. हे गृहस्थ कांदाबटाट्याचे आडते. दुपारीं जेवावयास उठतांना ते संगणक बंद न करतां 'स्लीप' करून ठेवीत. परत येऊन पाहावें, तों शेतकऱ्यांच्या चार वर्षांच्या पट्ट्या जिच्यांत होत्या ती दुसरी हार्ड डिस्क गडप! संगणक पूर्ण बंद करून लावला कीं ती पुन्हां हजर.

हें कसें होतें? स्लीपमध्यें रॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतीस तेवढी वीज मिळत राहते. बाकी बहुतेक भागांची, डिस्कचीहि, वीज तुटते. जागा होतांच संगणक हजेरी घेतो. परंतु फिरत्या तबकडीच्या डिस्कला मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांचा वेग गांठावयास कांहीं सेकंद लागतात. तिनें वेळेवर 'ओ' दिली नाहीं, कीं पटावरून नांव कमी!

आंबेगांव तालुक्यांतील श्रोत्यांस हें चटकन उमगेल. डिंभें धरणाच्या पाण्याखालीं आंबेगांव गेलें आणि तालुक्याला नांव तेवढें उरलें. येथें नेमकें उलट आहे. मजकूर जागच्या जागीं असतो. नाहींसें होतें तें नुसतें नांव. म्हणून 'डिस्क इनिशियलाइज करावयाची काय?' असें विंडोजनें विचारल्यास होकार देऊं नये. फॉरमॅटला तर मुळींच नाहीं. आमच्या स्नेह्यांचें बोट त्या बटणावर जाऊन पोंचलें होतें!

प्रथम डिस्क मॅनेजमेंट उघडून 'रीस्कॅन डिस्क्स' करावें. डिस्क परतली, तर ती उशिरां उठणारी, इतकेंच. न परतल्यास संगणक पूर्ण बंद करावा. यांत एक गोम आहे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असतां साधें शट डाऊन हें पुरतें बंद होणें नव्हे. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाऊन निवडावें, आणि भिंतीवरील बटण मिनिटभर बंद ठेवावें. त्यानंतरहि बायोसच्या यादींत डिस्क नसेल, तर तिच्या दोन्ही वायरी काढून घट्ट बसवाव्या. डिस्क टकटक वाजूं लागली असेल, तर मात्र हे प्रयोग थांबवावे; ती दिसेल तेव्हां आधीं मजकुराची प्रत काढावी. बाहेरून जोडलेल्या डिस्कसाठीं पॉवर ऑप्शन्समधील 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून पाहावें.

आमच्या स्नेह्यांनीं वायर बदलली. गुण आला नाहीं. बायोसची नवी आवृत्ति घातली, तेव्हांपासून डिस्क वेळेवर उठते. तरीहि जेवावयास जातांना ते आतां शट डाऊनच करतात, आणि पट्ट्यांची एक प्रत घरच्या कपाटांत असते.