ओळ सापडते पटकन, रकाना काढायला वेळ

खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीत जमिनीचा विषय कधी थंडावत नाही. जुना मुंबई-पुणे महामार्ग इथूनच जातो, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत जवळ. त्यामुळे वारसदार, दलाल आणि वकील या सगळ्यांनाच सातबारा हवा असतो. २०१८च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक निवडा, १५ रुपये भरा, की कागद तयार.

हा उतारा संगणकाने ‘शोधला’ असे आपण म्हणतो. पण शोधण्याचे काम इंडेक्सने, म्हणजे आधीच तयार असलेल्या सूचीने, कधीच सोपे करून ठेवले आहे. खरी मेहनत त्यानंतरची, आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

समजा, अशा नोंदी पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसमध्ये ठेवल्या. गट क्रमांक, खाते क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, इतर अधिकार असे रकाने पडद्यावर सुटे दिसतात. डिस्कवर मात्र एका गटाची अख्खी ओळ म्हणजे बाइटांची सलग माळ. ती आठ किलोबाइटच्या पानात बसवलेली असते. सुरुवातीला २३ बाइटांचा मथळा, ओळीत काही रिकामे असेल तर कोणते रकाने रिकामे याची खूण, आणि मग मजकूर. क्षेत्र कुठे सुरू होते हे ओळीत कुठेही लिहिलेले नसते. ते दर वेळी काढावे लागते.

भूमापकाला सातव्या तुकड्याची हद्द हवी असेल आणि आधीचे सहाही तुकडे ठरलेल्या रुंदीचे असतील, तर गणित करून थेट तिथे जाता येते. पण मधला एखादा कमी-जास्त रुंदीचा निघाला, की तिथून पुढे साखळी टाकत जावे लागते. भोगवटादाराचे नाव हा असाच तुकडा. एका ओळीत दोन शब्द, दुसरीत सामाईक खातेदारांची रांग. नावाच्या आधीच्या पूर्णांकांची जागा पोस्टग्रेस एकदा काढून लक्षात ठेवते. नावानंतरच्या प्रत्येक रकान्यासाठी मात्र त्या ओळीतली नावाची लांबी वाचावीच लागते. मध्ये रिकामा रकाना आला तरी, त्या ओळीपुरती, पाठ केलेली जागा पुढे उपयोगाची राहत नाही.

एका उताऱ्यासाठी हा वेळ नगण्य आहे. पण अख्ख्या जिल्ह्याच्या क्षेत्राची बेरीज मागितली, की हेच काम लाखो ओळींवर होते आणि प्रोसेसरचा मोठा वेळ त्यात जातो.

यावर उपाय टप्प्याटप्प्याने आले. मागितलेल्या शेवटच्या रकान्यापाशी थांबायचे, पुढचे उलगडायचे नाहीत, ही जुनी काटकसर. २०१८च्या अकराव्या आवृत्तीत धाडसी पाऊल पडले: प्रश्न (क्वेरी) चालू असतानाच त्या विशिष्ट तक्त्यासाठी खास यंत्रसंकेत तयार करायचा. तो तयार करायलाही वेळ लागतो, म्हणून मोठ्या प्रश्नांनाच तो परवडतो. सप्टेंबर २०२५च्या अठराव्या आवृत्तीतला बदल दिसायला किरकोळ, पण प्रस्तुत लेखकाच्या मते जास्त हुशारीचा. प्रत्येक रकान्याचे वर्णन आधी शंभरएक बाइटांचे होते. उलगडताना त्यातली लांबीसारखी मोजकीच माहिती लागते. तेवढीच वेगळी काढून छोट्या नोंदी केल्या. प्रोसेसर स्मृतीतून बहुधा ६४ बाइटांचा घास एकदम उचलतो. आता एका घासात अनेक रकान्यांचे वर्णन येते.

  

पतसंस्थेचे, शाळेचे किंवा सोसायटीचे तक्ते आखणाऱ्यांना यातून थेट उपयोगाचे एवढेच: ठरलेल्या लांबीचे, कधीही रिकामे न राहणारे आणि वारंवार लागणारे रकाने आधी ठेवा, नाव, पत्ता, शेरा शेवटी. गरज नसताना सगळे रकाने मागवू नका. हा क्रम पहिल्याच दिवशी ठरवा, कारण पोस्टग्रेसमध्ये तक्ता झाल्यावर रकान्यांच्या जागा बदलायची सोय नाही. नवा रकाना नेहमी शेवटीच जोडला जातो.