नोंद दिसत नाही म्हणजे नोंद गेली, असे नव्हे



ऊसनोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि ऊसबिल ही माहिती आजवर शेतकी विभागातील एका संगणकावर ॲक्सेसच्या फाइलमध्ये ठेवलेली असे. आता ती सर्व्हरवर, म्हणजे सर्व गट ऑफिसांना एकाच वेळी पुरेल अशा मध्यवर्ती संगणकावर हलविण्याचे काम चालू आहे. या काळात गट ऑफिसात गेलेल्या सभासदास "जोडणी नाही, नोंद दिसत नाही" असे उत्तर कधीमधी मिळते. नोकरीनिमित्त मोहोपाडा-रसायनीकडे राहणाऱ्या आणि शेत गावी भावाकडे सोपविलेल्या सभासदांची तर अशा उत्तराने झोपच उडते. आडसाली ऊस दीड वर्ष सांभाळायचा आणि तोडणीच्या तोंडावर हे ऐकायचे, मग काळजी वाटणारच. म्हणून हा प्रकार येथे उलगडून सांगत आहोत.

हलवायचे कशासाठी?

ॲक्सेसची फाइल 2 जीबीच्या पुढे वाढत नाही. शिवाय ती एक वहीच आहे. चार जणांनी लांबून एकाच वहीत लिहायला घेतले आणि मध्येच लाइन तुटली, तर पान फाटण्याची भीती. सर्व्हरचे तसे नाही. गट ऑफिसातील संगणक फक्त मागणी पाठवितो, वहीत लिहिण्याचे काम सर्व्हर स्वतः करतो. लाइन मध्येच गेली, तर अर्धवट व्यवहार तो रद्द करतो. पूर्वी झालेल्या नोंदींना धक्का लागत नाही.

मोहोपाड्याच्या सभासदांना हे चटकन पटेल. तिकडे खोपोलीचे वीजघर 1915 पासून मुंबईला वीज देत आले आहे आणि त्याचे सोडलेले पाणी पाताळगंगेला मिळते. मुंबईत दिवा गेला तर घाटमाथ्यावरचा वळवणचा तलाव आटला, असे कोणी म्हणत नाही. आधी फ्यूज पाहतात, मग तार. येथेही तसेच क्रमाने पाहायचे.

दोष कोठे शोधायचा?

1. रस्ता. एकाच गटात अडचण आहे की सगळीकडे? मुख्य कचेरीत चालते आणि गटात चालत नाही, तर दोष गटाच्या लाइनीत किंवा त्या संगणकात. कोठेच चालत नसेल तर सर्व्हर पाहावा.

2. पत्ता. सर्व्हरचे नाव एका अक्षराने चुकले तरी "सर्व्हर सापडत नाही" असे उत्तर येते. नावाऐवजी त्याचा आकडी पत्ता घालून पाहावा. त्याने जोडणी झाली, तर दोष नावाचा.

3. नाका. एस.क्यू.एल. सर्व्हर सहसा 1433 क्रमांकाच्या दारावर ऐकतो. फायरवॉल म्हणजे नाक्यावरचा पहारेकरी. त्याला सांगून ठेवले नसेल तर तो आत सोडत नाही. या सर्व्हरच्या मोफत मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत तर बाहेरून येण्याची वाट, म्हणजे टी.सी.पी./आय.पी., मुळातच बंद असते. ती उघडावी लागते.

4. दुभाषी. ॲक्सेस आणि सर्व्हर यांच्यात ओ.डी.बी.सी. ड्रायव्हर हा दुभाषी असतो. ॲक्सेस 32 बिटचे आणि ड्रायव्हर 64 बिटचा, असे झाले की दोघांचे जमत नाही. दोन्ही एकाच मापाचे लागतात.

5. किल्ली. "लॉगिन फेल्ड" असा संदेश आला तर घाबरू नये. रस्ता, पत्ता, नाका व दुभाषी ठीक आहेत, असाच त्याचा अर्थ. वापरणाऱ्याचे नाव, पासवर्ड वा परवानगी तेवढी तपासावी.

दोन संदेशांनी बिथरू नका

पडद्यावर नावांच्या जागी ओळीने "डिलिटेड" असे दिसते. हे पाहून कोणाचेही काळीज धडधडेल! बहुधा नोंदी पुसलेल्या नसतात. नोंद ओळखण्याचा मुख्य क्रमांक दोन्हीकडे वेगळ्या प्रकारचा ठेवला गेल्याने ॲक्सेसला ती नोंद परत सापडत नाही, एवढेच. सर्व्हरवर थेट पाहिले की नोंदी तेथे असतात.

दुसरा संदेश म्हणजे "ही नोंद दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे." यावरून लगेच कोणावर संशय घेऊ नये. "होय/नाही" असे उत्तर मागणारा रकाना कोरा राहिला, तरी हा संदेश येतो. कोऱ्या जागी "नाही" भरले आणि पुढेही तेच आपोआप पडेल अशी सोय केली, की तो थांबतो.

खरा धोका

जोडणी तुटण्यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. लाइन नाही म्हणून कोणी "तूर्त जुन्या फाइलीत लिहून घेतो" म्हटले, की दोन वह्या तयार होतात. लागणीची एक तारीख इकडे, दुसरी तिकडे. मग तोडणीचा क्रम कोणत्या वहीवरून लावायचा? म्हणून जुनी फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवायची आणि जोडणी नसेल तेव्हा अनुक्रमांकाच्या छापील कागदावरच नोंद घ्यायची, हाच बरोबर मार्ग होय.

वारणानगरचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. तेथे 1998 मध्ये परिसरातील सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. पुढे सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या एस.एम.एस.वर तेच काम करून पाहिले. ते कमी खर्चाचे ठरले आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडले. तार असो वा मोबाइल, वाट बदलता येते. मूळ हिशेब मात्र एकाच जागी असावा लागतो.

सभासदांनी काय करावे?

नोंदीची पोच आणि प्रत्येक खेपेची काटा पावती जपून ठेवावी. जोडणी नसताना कागदावर नोंद दिली असेल, तर तिचा अनुक्रमांक घ्यावा आणि जोडणी आल्यावर क्षेत्र, जात व लागणीची तारीख स्वतः ताडून पाहावी. गावापासून दूर राहणाऱ्यांनी पोचेचा फोटो मागवून घ्यावा. फरक आढळल्यास गट ऑफिसात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत किमान दराने पैसे द्यावयाचे असतात. पुढे उशिरावर सालीना 15 टक्के व्याज आहे. हे दिवस ऊस पोचल्यापासून मोजतात, जोडणी आल्यापासून नव्हे. तेव्हा पावती हातची सोडू नका.