मान धरली, खांदे भरले : खुर्चीवरचं काम आणि मालिश



खुर्चीवर बसून करायच्या कामांबद्दल आपण मागे बोललो होतो. त्यानंतर एका मैत्रिणीचा निरोप आला. ती पतसंस्थेत कारकून आहे. ती म्हणते, "दिवसभर संगणकापुढे बसून संध्याकाळी खांदे दगडासारखे होतात. रविवारी धाकट्याला पाठीवर उभं करून पाठ तुडवून घेते. सोमवारी बरं वाटतं, बुधवारी पुन्हा तेच. पैसे देऊन मालिश करून घ्यावी का, की ही चैन आहे?"

आम्ही दोघी फिजिओथेरपिस्ट. असे खांदे रोज आमच्या हाताखाली येतात, म्हणून या प्रश्नाचं उत्तर आज आम्ही देतोय. पण त्याआधी त्या 'चैन' शब्दाबद्दल थोडं बोलू. बाळाला तेल आपणच लावतो, बाळंतिणीचं अंग आपणच चोळतो, सासूबाईंचे गुडघे आपणच चेपतो. दिवाळीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांना तेल-उटणं लावून होतं, आणि आपली आंघोळ मात्र घाईघाईत उरकते. म्हणजे मालिशचा उपयोग आपल्याला पटलेला आहे. आपल्या स्वतःच्या पाठीची वेळ आली की मात्र तिचं नाव चैन होतं.

आधी दुखतं का ते पाहू. भरलेली कळशी कमरेवर घेऊन आपण चालत घरी येतो. पण पाण्याचा साधा तांब्या हात लांब करून पाच मिनिटं धरून बघा. वजन किरकोळ, तरी हात भरून येतो. स्नायू आवळतो आणि सैल होतो, तेव्हा त्यात रक्त खेळतं राहतं. एकाच जागी ताणून धरला की तो थकतो आणि दुखायला लागतो. आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते मानेवर सरळ तोललेलं असेल तर फार त्रास नाही. पडद्याकडे पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. मानेपासून खांद्यावर पसरलेला मोठा स्नायू, खांद्याचं पातं वर धरणारा स्नायू आणि कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू, हे सगळे दिवसभर तांब्या धरून उभे असल्यासारखे असतात. माउस धरणाऱ्या हाताचंही कोपरापासून मनगटापर्यंत तसंच होतं. त्यात घरी आल्यावर पोळ्या लाटताना, भाजी चिरताना मान पुन्हा खालीच!

आता उपचार म्हणून केलेली मालिश आणि पाठ तुडवून घेणं यांत फरक काय? उपचाराची सुरुवात प्रश्नांनी होते. कधीपासून दुखतं, रात्री जाग येते का, हाताला मुंग्या येतात का, कोणती औषधं चालू आहेत, हे विचारायचं. मग मान वळवून, हात वर करून पाहायचं की कुठे अडतं. त्यानंतर हात लावायचा. आधी तळहाताने लांब, सावकाश फिरवणं, मग कणीक मळावी तसं स्नायू मळणं, आणि जिथे गाठीसारखं कडक लागतं तिथे अंगठ्याने थोडा वेळ दाब धरणं. शेवटी पुन्हा मान वळवून पाहायची. काय बदललं ते दोघींनाही कळलं पाहिजे.

या कामामागे मोठा इतिहास आहे, आणि तो बायकांचा आहे. १८९४ साली इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. त्या वेळी मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली होती, आणि रुग्णांची मनापासून सेवा करणाऱ्या बायकाही बदनाम होत होत्या. या चौघींनी शिक्षण, परीक्षा आणि कडक नियम आणले. त्याच संस्थेतून पुढे ब्रिटनमधला फिजिओथेरपीचा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं.

मालिशने नेमकं होतं काय? ठेच लागली की आपण न ठरवता तिथे हात चोळतो आणि बरं वाटतं. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप मज्जारज्जूत पोचला की दुखण्याचा निरोप तिथे मंद होतो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी हे समजावताना एका दाराची कल्पना मांडली होती. एक निरोप आत शिरला की दुसऱ्यासाठी दार थोडं लोटलं जातं. शिवाय शांत, सावकाश मालिशने श्वास खोल होतो, मन निवतं, आवळून धरलेले खांदे खाली येतात. काहींना झोपही बरी लागते.

हे किती टिकतं? २०११ साली अमेरिकेतल्या सिअॅटल भागात झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो मानेचा नव्हता, जुन्या कंबरदुखीचा होता. त्यात ४०१ जण होते. काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा मालिश दिली. बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. दहा आठवड्यांनी मालिश घेतलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं आणि त्यांना रोजची कामं अधिक सहज जमत होती. सहा महिन्यांपर्यंत फायदा दिसला, वर्षभराने मात्र फारसा फरक उरला नव्हता. आणखी एक गंमत म्हणजे साधी, अंग सैल करणारी मालिश आणि खास तंत्राची मालिश, दोन्ही जवळजवळ सारख्याच उपयोगी ठरल्या. म्हणून "आमचंच तंत्र खरं" असं सांगून कोणी जास्त पैसे मागितले, तर दोनदा विचार करा.

मालिशने काय होत नाही, तेही सांगतो. शरीरातली 'विषं' बाहेर पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. सरकलेलं हाड किंवा चकती जागेवर बसत नाही. जितकं जास्त दुखेल तितका गुण जास्त, हेही खरं नाही. "दुखतंय पण बरं वाटतंय" इतपत दाब ठीक. श्वास रोखावा लागला, तर "जरा हलक्या हाताने" असं स्पष्ट म्हणा. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखू शकतं, एक-दोन दिवसांत ते जातं.

आता कागद-पेन्सिल घ्या, कारण हा भाग लिहून ठेवण्यासारखा आहे. ताप असताना, ताज्या मुका मारावर, जखमेवर किंवा त्वचेला संसर्ग असताना मालिश करू नये. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर ती मुळीच चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळी गेल्यानंतर हाडं नकळत ठिसूळ होत जातात, म्हणून त्या वयात पाठीवर कोणाला उभं करणं थांबवाच. आणि कटकन आवाज काढण्यासाठी मानेला झटका कोणालाही देऊ देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्याने इजा होऊ शकते.

हाताची ताकद कमी झाली, बोटं बधिर राहू लागली, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर मालिशची वाट न पाहता दवाखाना गाठा. मान, जबडा, खांदा किंवा पाठ अचानक दुखू लागली आणि सोबत धाप, घाम, मळमळ असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये तो अनेकदा असाच येतो, आणि "कामाने पाठ भरली असेल" म्हणून घरीच चोळत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

जायचं कोणाकडे? शिक्षण काय, नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे का, ते आधी पाहा. कोणते कपडे सैल करायचे, कुठे हात लागणार, हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. सोबत कोणाला तरी बसवण्याचा आणि मध्येच "थांबा" म्हणण्याचा हक्क तुमचा आहे.

आता आपल्या मैत्रिणीच्या बुधवारकडे येऊ. सोमवारी बरं वाटून बुधवारी पुन्हा दुखतं, कारण मधल्या दिवसांत टेबल तेच, खुर्ची तीच. मालिशने दोन-चार दिवस मान हलकी होते. त्या दिवसांत दोन गोष्टी करायच्या. पहिली म्हणजे बैठक बदलायची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल अशी करा. खाली जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवला तरी चालेल. कोपरं अंगाजवळ, पावलं टेकलेली. पाय लोंबत असतील तर खाली पाट घ्या. दुसरी म्हणजे हालचाल. अर्ध्या तासाने उठा, पाण्याची बाटली मुद्दाम लांब ठेवा. खांदे दहा वेळा मागे गोल फिरवा. हनुवटी सरळ मागे घेऊन पाच आकडे मोजा, सोडा.

घरी पैसे न खर्चता करायचा उपाय म्हणजे रबरी चेंडू. तो मोज्यात घाला, भिंत आणि खांद्याचं पातं यांच्या मध्ये धरा, आणि अंगाचा भार देत हळूहळू हला. दोन मिनिटं पुरेत. मणक्याच्या हाडावर मात्र चेंडू नको. रविवारी धाकट्याला पाठीवर चढवण्याऐवजी तळहाताने खांदे चोळायला शिकवा. खोबरेल घ्या नाहीतर तिळाचं, तेलाचं मुख्य काम हात सरकता ठेवण्याचं.

तेव्हा मैत्रिणी, ही चैन नाही. परवडत असेल आणि योग्य हात मिळत असतील तर मालिश जरूर घ्या, नाहीतर घरच्यांकडून करून घ्या. पण बुधवारी पुन्हा दुखू नये म्हणून सोमवारीच टेबलाकडे लक्ष द्या. आणि येत्या दिवाळीला पहिलं तेल आपल्या खांद्यांना लावून घ्या. बाकीचे थोडे थांबतील.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.