आजीचा अडकित्ता किती जुना? खिळा, पाते आणि झीज सांगतात वय

सावेडी (अहिल्यानगर) : जुन्या गावातला वाडा सोडून सावेडीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या अनेक घरांत पानाचा डबा माळ्यावर जातो आणि अडकित्ता मोडीत. तोच घोड्याच्या किंवा पोपटाच्या आकाराचा पितळी अडकित्ता ऑनलाइन बाजारात मात्र ‘२०० वर्षे जुना’ म्हणून दिसतो. खरा जुना तुकडा किलोच्या भावाने जातो आणि नवा तुकडा दुर्मीळ म्हणून विकला जातो. दोन्हीकडे नुकसान सामान्य माणसाचे. शिवाय वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल, तर कायद्याचाही प्रश्न येतो. म्हणूनच अडकित्त्याचे वय ओळखायचे कसे, हे समजून घ्यायला हवे.

■ चाकूवर वर्ष सापडते, अडकित्त्यावर का नाही?

संग्राहकांचे आवडते घडीचे चाकू कारखान्यात तयार होतात. स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध लाल चाकूचेच पाहा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. आईच्या निधनानंतर १९०९ मध्ये तिचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव मालाला दिले. पुढे न गंजणारे पोलाद आले आणि १९२१ मध्ये ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव तयार झाले. त्यामुळे पात्याच्या बुडाशी ‘व्हिक्टोरिनॉक्स’ कोरलेले असेल, तर तो चाकू १९२१ च्या आधीचा असूच शकत नाही.

अडकित्ता मात्र गावोगावच्या लोहारांनी, तांबटांनी आणि ओतारींनी घडवला. त्यावर बहुधा शिक्का नाही, वर्ष नाही. तरीही वरचाच नियम इथे लागू पडतो : वस्तूचा जो मूळ भाग सर्वांत अलीकडचा, त्याच्या आधीची ती वस्तू नसते.

■ कुठून सुरुवात करावी?

खिळ्यापासून. अडकित्ता म्हणजे एक तरफ आहे. एका टोकाला खिळा, मध्ये सुपारी आणि दुसऱ्या टोकाला हाताचा दाब. खिळ्यापासून सुपारी ३ सेंटिमीटरवर आणि मूठ १५ सेंटिमीटरवर असेल, तर हाताच्या जोराच्या सुमारे पाचपट जोर सुपारीवर पडतो. या ओढाताणीत सर्वांत जास्त ताण खिळ्यावर येतो. त्यामुळे तोच आधी सैल होतो आणि दुरुस्तीही तिथेच होते.

हाताने ठोकून बसवलेल्या खिळ्याचे डोके किंचित वेडेवाकडे असते, दोन्ही बाजू सारख्या नसतात. त्या जागी अधिकच्या खुणेची खाच असलेला स्क्रू दिसला, तर सावध व्हावे. ‘फिलिप्स’ पद्धतीच्या त्या स्क्रूचे पेटंट १९३६ चे आहे. अर्थात तेवढ्यावरून अख्खा अडकित्ता नवा ठरत नाही. भोक जुने, झिजून लांबट झालेले आणि स्क्रू नवा असेल, तर ती नंतरची दुरुस्ती असू शकते. भोकही स्वच्छ गोल आणि स्क्रूही नवा असेल, तर शंका बळावते.

■ धातू काय सांगतो?

▪ पाते : न गंजणारे पोलाद म्हणजे स्टेनलेस स्टील. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअरली यांनी त्याचे काम १९१३ मध्ये केले. त्यामुळे स्टीलच्या मूळ पात्याचा अडकित्ता ‘पेशवेकालीन’ असणे शक्य नाही. जुने पाते गंजणाऱ्या लोखंडाचे किंवा पोलादाचे असते.

▪ मुलामा : आरशासारखा चकचकीत क्रोमचा थर ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. तो जिथे उडाला असेल, तिथे खालचा धातू नीट पाहावा. जुन्या वस्तूवर नंतर मुलामा चढवलेला असू शकतो.

▪ ओतकाम : मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामात प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो. दोन घोड्यांची आयाळ रेघ न् रेघ सारखी असेल किंवा कडेला साच्याची सरळ शिवण दिसत असेल, तर तो एका साच्यातून काढलेला माल असण्याची शक्यता मोठी.

■ झीज खोटी कशी ओळखायची?

वापराची झीज हात लागतो तिथेच होते. मुठीची बाहेरची कड गुळगुळीत होते, नक्षीचे उंचवटे बसतात, पण खाचांमध्ये ती शाबूत राहते. वर्षानुवर्षे धार लावल्याने पाते अरुंद होत जाते. खालच्या दांड्यावर सुपारी टेकते त्या जागी खळगा पडतो. नव्या वस्तूला आम्ल लावून जुने रूप दिले असेल, तर काळपटपणा सगळीकडे सारखाच पसरतो. हात लागत नाही अशा कोपऱ्यातही झीज दिसली, तर ती बनावट समजावी.

पितांबरी, चिंच किंवा बफिंग मशीनने अडकित्ता लखलखीत करण्याचा मोह टाळावा. त्यात वयाच्या या खुणाच पुसल्या जातात. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसली तरी पुरे.

■ तुलना कुठे करायची?

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा गाजलेला संग्रह आहे. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी वाड्या-वस्त्यांतून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले. १९७५ मध्ये ते राज्य शासनाकडे सोपवले. प्राणी, पक्षी, मानवी आकृती असे अडकित्त्याचे किती प्रकार झाले, हे तिथे एकत्र पाहता येते.

■ कायदा काय सांगतो?

‘पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२’ नुसार कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. हा गुन्हा सिद्ध झाल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद व दंड होऊ शकतो. वस्तू पुरावशेष आहे की नाही, असा वाद उद्भवल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो.

ज्या घरांतली मुले परदेशात आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ‘आजीची आठवण’ म्हणून अडकित्ता बॅगेत टाकण्याआधी त्याचे वय तपासावे. शंका असल्यास पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. वस्तू नवी असली, तरी धारदार असल्याने ती केबिन बॅगेत चालत नाही. विमानतळावर माणसाची अवस्था अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी व्हायला नको.

■ विकण्याआधी किंवा घेण्याआधी काय करावे?

▪ खिळा, पाते, मूठ आणि खालचा दांडा यांचे जवळून फोटो काढावेत.
▪ लांबी आणि वजन लिहून ठेवावे.
▪ कुणाचा होता, कुठल्या गावचा, घरात कधी आला, हे थोरल्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवावे.
▪ विक्रेता ‘२०० वर्षे’ म्हणत असेल, तर खिळ्याचा आणि भोकाचा फोटो मागावा. तो देण्याची टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातच ठेवावेत.

यातली चिठ्ठी सर्वांत तातडीची. धातूवरच्या खुणा आणखी पन्नास वर्षांनीही वाचता येतील, पण तो अडकित्ता कोणाच्या हातातला होता हे सांगणारी माणसे तोवर नसतील.