न्यूयॉर्क कुठल्या दिशेला?

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे, पश्चिमेला असते. बुलढाण्याहून मुंबईही पश्चिमेलाच. म्हणून लेकीला परदेशी पोचवायला निघालेली मंडळी पिशवीत शेगावची कचोरी घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसली, की वाटतं, चला, तेवढी तरी अमेरिका जवळ आली.

मी हिशेब मांडून पाहिला आणि थक्क झालो. मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं थेट हवाई अंतर साधारण १२,५३० किलोमीटर. आणि बुलढाणा शहरापासून? तेही तेवढंच! फरक दहा किलोमीटरचाही नाही. रात्रभर प्रवास केला, सरळ रेषेत मोजलं तर ३८० किलोमीटर मागे टाकले, पण न्यूयॉर्क बुलढाणा-चिखली एवढ्या अंतरानेसुद्धा जवळ आलं नाही.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा अरबी समुद्रावर, आफ्रिकेवर टिकतच नाही. घसरत वर जातो आणि अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, स्वीडन, नॉर्वे ओलांडून आइसलँडच्या दक्षिण भागावर येतो. पुढे ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडा आणि तिथून खाली न्यूयॉर्क. गोलावरची सर्वांत जवळची वाट ती हीच. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेने गेलं, तर दीड हजार किलोमीटरहून जास्तीचा फेरा पडतो.

आता मुंबईचं कोडं सुटतं. बुलढाण्याहून न्यूयॉर्क उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे कललेलं. मुंबई नैऋत्येकडे झुकलेल्या पश्चिमेला. दोन दिशांमध्ये जवळजवळ काटकोन! खळ्यात मेढीभोवती बैल कितीही चालला तरी मेढीपासूनचं त्याचं अंतर तेवढंच राहतं. आपली ट्रॅव्हल्सही रात्रभर न्यूयॉर्कच्या मेढीभोवतीच फिरत असते.

वेळेचं गणित मात्र वाऱ्याच्या हाती. विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे चौदा तास पुरायला हवेत. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे धावतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. त्यामुळे थेट विमानाला जायला पंधरा-सोळा तास लागतात आणि परतीचा प्रवास लवकर आटोपतो. कुठे युद्ध पेटलं, कुणी आपलं आकाश बंद केलं, की वळसा पडतो आणि तास आणखी वाढतात.

आज रात्री आभाळ मोकळं असेल तर गच्चीवर जा. बुलढाण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण वीस अंशांवर दिसतो. त्याच्या थेट खाली क्षितिजावर नजर आणा, हात लांब करा आणि तिथून डावीकडे अडीच मुठी मोजा. लेक त्या दिशेला आहे.